मोजदाद

सीबीएसवरून गिरणाऱ्याची पहिली गाडी,
तिसऱ्या बाकावर मी, मांडीवर दुर्बीण,
पट्टा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन.
फाट्यावर उतरून बागांच्या कडेकडेनं खाली.
खरड छाटणीनंतरच्या वेलींना बोटाएवढी पालवी.

थंडीत इथं लांब नळ्यांचे कॅमेरे असतात,
जॅकेटं, थर्मासचा चहा, चक्रवाक दिसला का?
मेमध्ये कुणी येत नाही.
पाहुणी बदकं तिबेटापल्याड गेली
आणि पाहुण्यांचे पाहुणेही.
उरतात ते इथलेच.
मी इथलीच.

पाणी कालच्यापेक्षा चार पावलं मागे.
टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात.
हे धरण मात्र कालव्यांनी आटवलं, टँकरांनी,
माझ्या स्वयंपाकघरातल्या नळानं.
टिटवीचा यात काही हात नाही.

भेगाळल्या गाळावरून चालते.
वंचक तीन.
शेकाट्या अकरा, त्यातला एक लंगडा,
तोही अख्खा एक धरते.
नदी सुरय दोन, चोची हळदीत बुडवून काढल्यासारख्या.

बत्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये मोजलं.
एक नोट कमी भरली की फाटक बंद.
पोरांची शाळा, सासूचं औषध,
सगळं बाहेर ताटकळायचं ती सापडेपर्यंत.
एकदा रात्री नऊला सापडली,
मशीनखाली, पंख्याच्या वाऱ्यानं थरथरत.
धरायला गेले तर थोडी उडाली.

"मावशे!" पोपट गांगुर्डे हाक मारतो.
नाव पोपट, पण पाखरांशी देणंघेणं नाही,
वाळकं टोचतात म्हणून सकाळपासून शिव्या.
तरी गाळ न्यायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला
त्यानंच अडवलं परवा:
"तिकडून घे भो, हितं बाई बसेल हाये."
चाकांचा माग सरळ येतो, मग
पोटुशीला वाट द्यावी तसा
वळसा घेऊन पुन्हा सरळ जातो.

वळशाच्या आत टिटवी.
घरटं कसलं, चार खडे बाजूला सारलेले
आणि खड्यांसारखीच अंडी,
नजर हलली की हरवणारी.
साडेनऊलाच जमीन तव्यासारखी.
ती उठते, तुरुतुरु पाण्यापर्यंत जाते,
पोट बुडवते
आणि थेंब वाटेत सांडू नये अशी
जपत जपत परत येऊन बसते.
थोड्या वेळानं पुन्हा.
वहीत याला रकाना नाही.

काल चार होती.
आज तीन.

ती पुन्हा उठेस्तोवर थांबते, पुन्हा मोजते,
डावीकडून, उजवीकडून,
खडे धरून, खडे वगळून.
अंगठा आपोआप जिभेला लागतो,
हवेतच सरकवतो काहीतरी.
तीन.

"कावळ्यानं नेलं आसंल," पोपट म्हणतो,
"न्हाई तं मुंगसानं. आन् इतकी खाली घातली
म्हंजी यंदा पाऊसबी लांबंल."
बोलता बोलता वाळूक चिरून हातावर ठेवतो,
मीठ नाही म्हणून स्वतःवरच चिडतो.

कुठलं फाटक बंद करू?
चहूकडून उघडं हे तळ,
वर आभाळ, त्यालाही कडी नाही.
टिटवी उठली. गेली. भिजून आली.
तिघांवर पसरली पोट,
चौथ्याची रिकामी जागाही ओली झाली.

पेन्सिलीनं लिहिलं:
टिटव्या दोन, अंडी तीन.
खाली सही केली जुन्या सवयीनं,
तपासणाऱ्याची जागा कोरी सोडून.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं सुटे दिले,
काही नाणी, एक मळकी दहाची,
असेल आमच्याच कुणाच्या हातून गेलेली.
न मोजता मूठ मिटली.
वाळकाचा वास होता तिला.